तुमची सेवा, जाऊबाईंची ड्युटी

पत्र मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते:

'मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ३८, नोकरीला चौदा वर्षं झाली. आम्ही ख्रिस्ती, तीन पिढ्या इथलेच. आमच्या मंडळीशी, म्हणजे चर्चशी, संबंध असलेल्या एका मिशन संस्थेनं पश्चिम केनियातल्या शाळेत दोन वर्षं गणित शिकवायला याल का, असं विचारलंय. तिथं शिकवायला माणसं मिळत नाहीत म्हणतात. येत्या जानेवारीत निघायचं. घर आणि थोडं मानधन मिळेल, बाकी दरमहा चाळीस हजार आम्हीच पाठीराखे शोधून उभे करायचे. मिस्टर शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, ते म्हणतात, "तू म्हणशील तसं." मुलगी सहावीत. सासूबाई ७२ वर्षांच्या, शुगर आहे, आमच्याकडेच असतात. "जा की, माझं काय," म्हणतात आणि त्या दिवशी जेवत नाहीत. आम्ही गेलो तर त्यांना इचलकरंजीला थोरल्या दिरांकडे राहावं लागेल. जाऊबाई तोंडावर म्हणाल्या, "तुझी ती सेवा, आणि आमची ड्युटी?" चर्चचे पाळकसाहेब सांगतात, नांगराला हात घातल्यावर मागं बघायचं नसतं. स्टाफरूममध्ये एकानं विचारलं, "काय बाई, तिकडं लोकांना बाटवायला चाललात?" खरं सांगायचं तर हल्ली वर्गात पूर्वीसारखं मन लागत नाही. नाही म्हटलं तर देवाला पाठ दाखवल्यासारखं होईल, हो म्हटलं तर घराला. काय करू?'

बाई,

तुमच्या पत्राला पाच पानं आहेत. त्यातली चार केनियाची, एक घरची. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत, जाता जाता लिहिल्यासारखं, 'हल्ली वर्गात मन लागत नाही.' मी तिथंच अडकले. बाकीचं पत्र पुन्हा वाचलं, तर इथल्या वर्गाबद्दल त्यात दुसरं एकही वाक्य नाही. चौदा वर्षं नोकरी केली ती शाळा एका ओळीत संपते, आणि न पाहिलेल्या शाळेला चार पानं मिळतात.

यात वाईट काही नाही. मी स्वतः बावीस वर्षं शिकवलं. अकराव्या-बाराव्या वर्षी मला अचानक दुर्गम भागातल्या मुलांचा कळवळा आला आणि मी गगनबावड्याकडच्या एका शाळेवर जायला तयार झाले. घरी सगळ्यांना वाटलं, केवढा त्याग. खरं म्हणजे मला शहरातल्या शाळेतल्या ऑनलाइन माहित्या, निवडणुकीची कामं, संचमान्यतेची (पटावरून शिक्षकांच्या जागा ठरतात, त्याची) दरवर्षीची धाकधूक आणि एका विशिष्ट सहकाऱ्याचा चेहरा यांपासून सुटका हवी होती. तिकडं पाऊस जास्त होता, एवढाच फरक. माहित्या त्याच, आणि त्या भरायला रेंज नाही. मुलं मात्र गुणी निघाली आणि मी टिकले. पण पहिले तीन महिने मी स्वतःशी खोटं बोलत होते हे मला अजून आठवतं.

म्हणून तुमच्या पाचारणावर, देवाच्या बोलावण्यावर, शंका न घेता एवढंच विचारते: कशाकडे जाताय आणि कशापासून निघताय, हे वेगवेगळं लिहून काढलंय का? दोन्ही एका निर्णयात असू शकतात, बहुतेकदा असतातच. पण निघण्याचं कारण वर्गाचा कंटाळा असेल, तर तिकडंही वर्गच आहे. वह्या तपासायच्या, अपूर्णांक न येणारी मुलं नववीत येणार, मुख्याध्यापक अहवाल मागणार. केनियातही अभ्यासक्रम बदललाय, २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं नवी रचना आली, आणि तिथले शिक्षकही मूल्यमापनाच्या कागदांना वैतागलेले असतात.

आता 'तिथं माणसं मिळत नाहीत' याबद्दल. हे वाक्य कुणी सांगितलं? केनियात प्रशिक्षण घेतलेले, टीचर्स सर्व्हिस कमिशन या तिथल्या सरकारी आयोगाकडे नोंदणी झालेले आणि तरीही कायम नोकरी नसलेले शिक्षक फार मोठ्या संख्येनं आहेत. आपल्याकडे डीएड-बीएड झालेली पोरं शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसतात, तसंच. म्हणजे माणसं नाहीत असं नव्हे, पगाराला पैसे नाहीत, किंवा त्या गावात राहायला कुणी तयार नाही, किंवा गणित-विज्ञानाचेच कमी पडतात. यातलं नेमकं कोणतं, त्यावर तुमच्या जाण्याचा अर्थ ठरतो. गणिताचा शिक्षक खरंच मिळत नसेल तर तुम्ही मोलाच्या. पण फुकटात मिळतेय म्हणून तुम्हाला बोलावत असतील, तर गावातल्याच एखाद्या पदवीधर मुलीची जागा आपण अडवतोय का, हा प्रश्न तुमच्या सेवाभावानंच तुम्हाला विचारला पाहिजे.

शाळा कुणाची आहे हेही विचारा. केनियात मिशननं काढलेल्या बऱ्याचशा शाळा स्वातंत्र्यानंतर (म्हणजे १९६३ नंतर) सरकारी व्यवस्थेत गेल्या आणि चर्च तिथं 'स्पॉन्सर' म्हणून उरलं. आपल्याकडे संस्था एक आणि पगार शासनाचा, त्याच धर्तीचं काहीसं. अशा शाळेत तुमचा साहेब कोण, हे जाण्याआधी माहीत हवं. चर्च बोलावणार आणि मुख्याध्यापकांना पत्ताच नाही, असं व्हायला नको. पूर्ण खासगी मिशन शाळा असेल तर मग दुसरा प्रश्न: तिथं कुणाची मुलं शिकतात? गावातली, की बाहेरून आलेल्या मिशनऱ्यांची? दोन्ही कामं चांगलीच आहेत, पण एक नाहीत.

स्टाफरूममधल्या टोमण्याला मी फार जागा देणार नाही. २०१९ च्या जनगणनेत केनियातले सुमारे ८५ टक्के लोक ख्रिस्तीच निघाले. पुढच्या वेळी त्या सरांना हा आकडा सांगा आणि चहा घ्या.

मी ख्रिस्ती नाही, पण कोल्हापूरच्या माणसाला मिशन परकं वाटत नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले, तेव्हा त्यांच्या अमेरिकेतल्या नातेवाइकांना कोल्हापूर हे तुमच्या सासूबाईंना केनिया वाटतं त्याहून लांब वाटलं असणार. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला आणि १८८६ मध्ये, तेविशीही पुरी झाली नव्हती तेव्हा, अमेरिकेत माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेला जायचं ठरवलं, त्यामागं तो होता. आपलं गाव कुणाचं तरी परदेश होतं, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. आता इथून बाई निघाल्यात.

पण माझ्या मनात जास्त येतात त्या मिशनरी शिक्षिका सिंथिया फॅरार. १८२७ साली एकट्या, अविवाहित, अमेरिकेतून मुंबईला आल्या. मराठी शिकल्या. पुढं अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथंच वारल्या. त्यांची आठवण आज कशामुळं राहिली? सावित्रीबाई फुले यांनी शिकवण्याचं प्रशिक्षण अहमदनगरला त्यांच्याकडे घेतलं, असं चरित्रकार नोंदवतात, त्यामुळं. फॅरारबाईंनी स्वतः किती मुलींना बाराखडी शिकवली हे कुणाच्या लक्षात नाही. त्यांच्या हाताखालून शिक्षिका तयार झाल्या, ते लक्षात आहे. म्हणून होकार द्यायचाच असेल तर एक अट घालून बघा: माझ्याबरोबर तिथला एक तरुण शिक्षक पहिल्या दिवसापासून वर्गात असेल, आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझे तास तो घेईल. या अटीला शाळा काय उत्तर देते, त्यावरून पुष्कळ कळेल.

आता मागं वळून न बघण्याबद्दल. पाळकसाहेबांनी सांगितलेलं नांगराचं वचन लूकच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात आहे. त्याच शुभवर्तमानात पुढं चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाची गोष्ट येते. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेणार नाही का, नाहीतर पाया घालून काम अडलं की बघणारे हसतील, असं येशूच विचारतो. गणिताच्या बाईंना ही गोष्ट कुणी सांगितली नाही याचं मला नवल वाटलं. हिशेब मांडणं म्हणजे अविश्वास, ही समजूत तुमच्या पत्रात जागोजागी आहे. पगाराचं वाक्य लिहिलंत आणि पुढं 'क्षमा असावी' लिहिलंत. कशाबद्दल क्षमा? प्रेषित पौल स्वतः राहुट्या शिवून पोट भरत होता.

तर मांडूया. तुम्ही लिहिलंय, हातात सत्तरच्या आसपास पडतात. चोवीस महिन्यांचे १६ लाख ८० हजार. नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची आहे, म्हणजे जुनी पेन्शन नाही. दोन वर्षं पेन्शनच्या खात्यात तुमची भर नाही आणि शासनाचीही नाही. वार्षिक वेतनवाढ लांबणीवर पडेल ती वेगळीच. फ्लॅटचा हप्ता मिस्टरांच्या पगारातून जातो म्हणता, पण ते तर तुमच्याबरोबर येणार! केनियात जोडीदार म्हणून राहण्याचा पास मिळाला तरी त्यावर नोकरी करता येत नाही. शाळेच्या वर्कशॉपमध्ये 'मदत' करायला सांगितली तर तीही परवान्यात बसते का, हे लेखी विचारून घ्या. 'तू म्हणशील तसं' म्हणणारा नवरा दोन वर्षं परक्या गावात हातावर हात ठेवून बसला तर तिसऱ्या महिन्यात काय म्हणेल, याचा विचार दोघांनी आत्ताच केलेला बरा. त्यांना एकदा नीट समोर बसवून विचारा. 'तू म्हणशील तसं' याला मी होकार धरत नाही. ही जबाबदारी टाळायची आपल्याकडची फार जुनी, फार सभ्य पद्धत आहे.

रजेचं आणखी अवघड आहे. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत असाधारण, म्हणजे विनावेतन रजा आहे, पण ती मागितली की मिळते असं नाही. मुख्याध्यापक 'बघू, करू काहीतरी' म्हणाले, एवढ्यावर तिकीट काढू नका. संस्थेचा ठराव, शिक्षणाधिकारी कार्यालयाची भूमिका, परत आल्यावर तुमची जागा आणि सेवाज्येष्ठता, सगळं कागदावर हवं. मधल्या काळात पटसंख्या घसरली आणि जागाच अतिरिक्त ठरली तर कोण बाहेर जाईल, हेही विचारा. रजा मंजूर होत नसेल तर प्रश्न 'दोन वर्षं जाऊ का' असा राहत नाही, 'नोकरी सोडू का' असा होतो. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा विचार लागेल.

मिशन संस्थेकडून काय घ्यायचं तेही सांगते, कारण अशी पत्रं मला या वर्षी आणखी दोन आलीत, एक मिरजेहून. नेमणूकपत्रात आठवड्याचं वेळापत्रक मागा. मिशनच्या शाळेत शिक्षिकेचं काम तासांवर कधीच थांबत नाही. सकाळची भक्ती, मुलींचं वसतिगृह, गायनाचा सराव, शनिवारी कुणाला तरी दवाखान्यात नेणं. हे आनंदानं करणाऱ्या बाया मी बघितल्यात, पण आधी माहीत असलं तर आनंद टिकतो. परवाना कोणत्या प्रकारचा काढणार, नोकरीचा की धार्मिक-सेवाभावी संस्थेचा, आणि खर्च कोण देणार? शिक्षक म्हणून तिथली नोंदणी? आजारपणाचा विमा, आणि गंभीर काही झालं तर भारतात आणण्याची सोय त्यात धरून आहे का? घरी कुणाचं काही झालं तर अचानक यायचं तिकीट कोण काढणार? मुलांच्या सुरक्षिततेचं लेखी धोरण आहे का? पाठीराख्यांचे पैसे मध्येच आटले तर? शेवटच्या प्रश्नाला 'प्रभू पुरवील' हे उत्तर आलं तर नम्रपणे म्हणा, हो, आणि त्याबरोबर सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला ठेवलेला दाखवा.

व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूचा भाग मलेरियाचा आहे. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, ती ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते, आणि प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावरून सहा दिवस विलगीकरणात पाठवू शकतात. हे सगळ्यांसाठी.

मुलीबद्दल तुम्ही फक्त 'तिला मजा वाटते' एवढं लिहिलंय. अकराव्या वर्षी जिराफ बघायची मजाच वाटणार. तिकडं शाळा जानेवारीत सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत चालते. म्हणजे ती इथून सहावी अर्धी सोडून जाणार आणि आठवीच्या ऐन मध्यावर परत येणार, पुढं नववी, दहावी. इथल्या कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गात घेतील, हे आत्ताच विचारून ठेवा. मराठी सुटू देऊ नका. आपल्या शाळांत २०२० च्या कायद्यानं मराठी सक्तीची आहे आणि तिला ती दोन वर्षांच्या खंडानंतर दहावीपर्यंत न्यायचीय. रोज एक पान, आजीला पत्र म्हणून लिहू दे. आजीला वाचायला मिळेल, तिचं अक्षर मोडणार नाही. तिकडं ती स्वाहिली मात्र पटकन उचलेल. दुकानाला 'दुका', पुस्तकाला 'किताबु', औषधाला 'दावा' म्हणतात. गणिताला 'हिसाबाती'. तुम्हीही फार परक्या वाटून घेऊ नका.

आता इचलकरंजी.

जाऊबाईंचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला ते सगळ्या पत्रातलं सर्वांत खरं वाक्य वाटलं. मंडळीत तुमचा निरोप समारंभ होईल, हार घालतील, तुमच्यासाठी प्रार्थना होईल. त्या वेळी जाऊबाई इचलकरंजीत सासूबाईंची शुगर तपासत असतील आणि त्यांचं नाव कुणी घेणार नाही. तुमच्या सेवेतला मोठा वाटा त्या उचलणार आहेत, आणि त्यांना कुणी विचारलेलंही नाही, सांगितलंय फक्त. चिडल्या यात नवल काय? मी असते तर जास्त वाईट बोलले असते.

त्यांच्याकडे जा. फोन नको, जा. मिस्टरांना घेऊन, आणि दीरही घरी असतील अशा वेळी, कारण आई त्या दोघा भावांची आहे. हिशेब सुनांमध्येच होऊ देऊ नका. विचारा, वहिनी, हे दोन वर्षं जमेल का? जमायला काय लागेल? दुपारची बाई लावायची तर तिचा पगार आम्ही देऊ. मे महिन्यात एक महिना यांना इकडं येऊन आईकडे थांबता येईल. हे पैसे पाठीराख्यांकडून उभ्या करायच्या रकमेत उघड धरा, लपवू नका. आणि 'नाही जमणार' असं उत्तर आलं, तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच जा. नाहीतर जाऊच नका.

सासूबाईंना मात्र निर्णय विचारू नका, त्या 'जा की' एवढंच म्हणतील. दुसरं विचारा: इचलकरंजीत तुम्हाला कशाची अडचण वाटते? कदाचित तिथला जिना असेल. कदाचित रविवारी उपासनेला इथं त्यांची ठरलेली जागा आहे, शेजारी तीस वर्षांची मैत्रीण बसते, ते सुटणार असेल. बहात्तराव्या वर्षी गाव बदलणं म्हणजे काय, हे कोल्हापूर सोडायला निघालेल्या माणसाला थोडं तरी कळायला हवं. त्यांचं परदेश इचलकरंजी आहे.

माझं मत विचारलंत, तर येत्या जानेवारीत जाऊ नका. त्यानंतरच्या जानेवारीबद्दल बोला. मधल्या मे महिन्यात, आपल्याला सुट्टी असते आणि त्यांची शाळा चालू असते तेव्हा, तीन आठवडे एकट्या जाऊन या. २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी काढावी लागते, फार अवघड नाही. पण ती फक्त बघायला. शिकवायचं असेल तर वेगळा परवाना लागतो, त्यामुळं वर्गात मागच्या बाकावर बसा. बाकीच्या शिक्षकांबरोबर जेवा, आधी येऊन गेलेल्या बाहेरच्या शिक्षकांबद्दल त्यांना विचारा. ते काय सांगतात त्यापेक्षा कुणाचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा खुलतो ते बघा. आणि तोवर इथं, तुमच्या स्वतःच्या नववीच्या वर्गात, मन का लागत नाही हे शोधा. ते कळलं आणि तरीही केनिया मनातून गेलं नाही, तर मी तुम्हाला अडवणार नाही. संस्थेला एक वर्ष थांबता येत नसेल, तर त्यांची गरज तुमची नव्हती, जागा भरण्याची होती.

नाही म्हटलं तर देवाला पाठ दाखवल्यासारखं होईल का, हा प्रश्न माझ्या अधिकारातला नाही. तो पाळकसाहेबांनाच विचारा. पण जाताना एक कोरा कागद घेऊन जा. मंडळी तुम्हाला पाठवतेय ना? मग मंडळीतली अशी तीन घरं त्यांनी त्यावर लिहून द्यावीत, जी दोन वर्षं आळीपाळीनं दर महिन्याला इचलकरंजीला जाऊन सासूबाईंना तपासणीला नेतील आणि एखाद्या रविवारी कोल्हापूरला, त्यांच्या त्या ठरलेल्या बाकावर, आणून बसवतील. नावं आणि फोन नंबर. कागद भरून मिळाला की मला कळवा.